गोष्टीतलं भविष्य तपासायची वही : एका मोटार मिस्त्रीची पद्धत

माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब आणि राळेगावच्या मधल्या एका गावात, एसटी थांब्याच्या मागं. रब्बीत सबमर्सिबल येतात, उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी. झटका मशीन, म्हणजे शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, बाराही महिने येतात, कारण रोही (नीलगायी) आणि रानडुकरं बाराही महिने असतात. टेबलावर एक वही पडलेली असते, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणेवाले उधारीला वापरतात तसली. नवं गिऱ्हाईक ती पाहून आधी बिचकतं. पण तिच्यात उधारी नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी पुढच्या काळाबद्दल जे सांगून ठेवलं ते डाव्या पानावर आहे, आणि त्यातलं आमच्या गावात काय आलं, कसं आलं, ते उजव्या पानावर.

हे वेड वॉर्निशमुळं लागलं. कूलरची मोटार भरली की वॉर्निश मारून वाळवत ठेवावी लागते, तेवढा वेळ हात रिकामे. त्या वेळात वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचायला लागलो. आधी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, मग नारळीकर, मग जे हाती लागेल ते. पुढं रविवारी संध्याकाळी पोरं यायला लागली, आठवीपासून बारावीपर्यंतची, कधी पाच, कधी नऊ. याला सहा वर्षं झाली. आता बाजूच्या गावांतले दोन मास्तर आणि एक ग्रंथपाल मॅडम विचारतात, अशी वही आम्हालाही चालू करायची, कशी करायची? प्रत्येकाला दुकानात बसवून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

वही आणि रकाने

पहिल्या वर्षी मी केलेली चूक तुम्ही करू नका. मी दोनच रकाने आखले होते, 'आलं' आणि 'नाही आलं'. तोंड पाहून बोलायचा फोन: आला. उडती मोटार: नाही आली. चंद्रावर माणूस: जाऊन आला. पोरांनी दोन महिन्यांत ऐंशी ओळी भरल्या आणि तिसऱ्या महिन्यात येणं बंद केलं. बरोबरच होतं त्यांचं. पेपर तपासण्यात कसली मजा?

डोकं उघडलं ते एका जळालेल्या मोटारीनं. गावातल्या एका शेतकऱ्यानं मोबाईल स्टार्टर बसवला होता. घरून फोन लावायचा की विहिरीवरची मोटार चालू. पोरांनी हौसेनं लिहिलं, 'घरबसल्या दूरचं यंत्र चालवणं: आलं.' पंधरा दिवसांत तोच शेतकरी मोटार घेऊन दारात हजर. शेतीला रात्रीची लाईन होती, तीनपैकी एक फेज गेलेला, यानं खाटेवर पडल्या पडल्या फोन लावला आणि झोपून गेला. फेज गेला तर मोटार थांबवणारं उपकरण त्यानं पैसे वाचवायला बसवलंच नव्हतं. आधी तो बॅटरी घेऊन वावरात जायचा, सापाच्या भीतीनं पाय आपटत. पण मोटार नुसती घुमतेय हे तिथं कानाला कळायचं आणि तो लाल बटण दाबायचा. खाटेवर ते घुमणं ऐकू येत नाही.

मग त्या 'आलं'चं करायचं काय? खोडायचं?

खोडलं नाही, रकाने वाढवले. डाव्या पानावर एकच रकाना: गोष्ट काय म्हणते. लेखकाची वाक्यं उतरवायची नाहीत, आपल्या दोन ओळी लिहायच्या, आणि सोबत दोन सालं, लिहिल्याचं आणि गोष्ट ज्यात घडते ते. उजव्या पानावर चार रकाने. यंत्र आलं का, कधी. ते कशावर चालतं आणि पैसे कोण भरतं. बिघडलं तर नीट कोण करतं. आणि कोणाचं काम गेलं, कोणाचं वाढलं. हा शेवटचा माझ्या डोक्यातला नाही, नववीतल्या एका पोरीनं भांडून घालायला लावला. ते पुढं येईलच.

डावं पान पेनानं लिहा, उजवं पेन्सिलीनं. गोष्ट बदलत नाही, गाव बदलतं. एका नोंदीला जोडपान द्या. कागदाची कंजुषी केली की पोरं पुन्हा 'आलं', 'नाही आलं'वर येतात.

कोणती गोष्ट घ्यायची

साल सापडत नसेल तर गोष्ट खुशाल वाचा, पण वहीत घेऊ नका. सालाचं महत्त्व पटवायला मी पोरांना व्हर्नच्या पॅरिसची गंमत सांगतो. १८६३मध्ये त्यानं १९६०च्या पॅरिसवर कादंबरी लिहिली. रस्त्यावर गॅसवर पळणाऱ्या गाड्या, विजेचे दिवे, तारेतून जाणारी चित्रं. असलं कोणाला खरं वाटणार म्हणून प्रकाशकानं परत केली. हस्तलिखित धूळ खात पडलं ते छापून आलं १९९४ साली. आणि त्याच १९९४च्या एप्रिलात आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेगाडीचं, शकुंतलेचं, वाफेचं इंजिन निवृत्त झालं, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं. तिकडं पॅरिसचं भविष्य दुकानात विकायला आलं आणि इकडं वाफेचा जमाना आत्ता कुठं संपला. पुढं डिझेल इंजिन आलं, मग शकुंतलाच बंद पडली. नवं कधी येणार ते सगळे लेखक सांगतात, जुनं कधी बंद पडणार ते फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही मात्र वहीत ते लिहा.

दुसरी अट मोघमपणाची. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं काय हललं, काय जागेवर राहिलं यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. माझे वडील ते कानावर आल्याशिवाय पेरणीचा विषय काढत नसत. मी थट्टा करत नाही. पण 'पीक साधारण' हे वहीत कुठं बसवणार? साधारण म्हणजे एकरी किती क्विंटल? उलट आयझॅक आसिमोव्हचं पाहा. १९६४मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून पन्नास वर्षांनंतरचं, म्हणजे २०१४चं जग मांडलं, आणि जगाच्या लोकसंख्येचा आकडाच टाकला, साडेसहा अब्ज. निघाली सात अब्जांच्या वर. चुकला. पण आकडा दिला म्हणून त्याला चुकता तरी आलं. त्याच लेखात तो म्हणतो की २०१४मध्ये रोबोट फारसे दिसणार नाहीत, आणि जे असतील ते काही फार चांगले नसतील. जन्मभर रोबोटच्या गोष्टी लिहिणारा माणूस हे लिहून ठेवतो! त्या ओळीपुढं पोरांनी तीन चांदण्या काढल्यात.

काही गोष्टी वहीच्या नसतातच. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. आपली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांना नाव पाहून भुरळ पडायला नको. बक्षीस मिळालं ते मिळालंच. ती मोठ्यानं वाचा, कृष्णविवर म्हणजे काय यावर भांडा. पण त्यातलं कळंब तालुक्यात काही यायचं नाही. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्यानंतरच्या रविवारी आम्ही वही उघडली नाही, तीच गोष्ट वाचली.

पहिली नोंद छत्रीची करा

छत्री म्हणजे टीव्हीची डिश. सोपी आहे आणि घरोघरी आहे. आर्थर क्लार्क हा विज्ञानकथाकार, पण ही कल्पना त्यानं गोष्टीत नाही, ऑक्टोबर १९४५च्या एका रेडिओविषयक मासिकात लेख लिहून मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच चालीनं फिरेल आणि खालून पाहणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखा राहील. असे तीन ठेवले की जवळपास सगळ्या जगाला पुरतील.

हे वाचून झालं की पोरांना गावभर पिटाळा. प्रत्येक टिनावरची छत्री कोणीकडं तोंड करून आहे ते लिहून आणा म्हणावं. आमच्याकडं सगळ्या दक्षिणेला, जराशा पूर्वेकडं कललेल्या. उत्तरेला एकही नाही. काहून? सांगू नका. एक संत्रं आणि एक खडू द्या. संत्र्यावर विषुववृत्त काढलं, आपलं गाव त्याच्या वर कुठं येतं ते टिंब दिलं, की त्यांचं ते शोधतात.

आता रकाने. आलं का? १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना टीव्ही दाखवला गेला, शेती, आरोग्य, शाळा असे विषय. त्या सहांत शेजारचे आंध्र आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणून 'आलं, १९७५' एवढंच लिहायचं नाही. 'देशात १९७५, आमच्या गावात अमुक साली' असं लिहायचं, आणि तो अमुक म्हाताऱ्यांना विचारून काढायचा. पहिली छत्री कोणाच्या घरावर चढली यावर आमच्याकडं दोन घरांत अजून वाद आहे, त्यामुळं तिथं पेन्सिलीनं दोन सालं आहेत.

दुरुस्तीच्या रकान्यात तर मेजवानीच. क्लार्क धरून चालला होता की उपग्रहात माणसं राहावी लागतील. तेव्हा सगळं व्हॉल्व्हवर, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्यांवर चालायचं. व्हॉल्व्ह जळणार, कोणीतरी बदलायला हवा. ट्रान्झिस्टर यायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे जागा अचूक सांगितली, अंतर अचूक सांगितलं, आणि मिस्त्री भलतीकडं बसवला. क्लार्कचा मिस्त्री आकाशात होता. आमचा टिनावर असतो, वादळानंतर छत्री इंच इंच फिरवत, आणि खालून घरवाला ओरडतो, "आलं... गेलं... आलं! थांब बे, हालू नको!"

ऊन कोणाच्या वाट्याला

दुसरी नोंद मी रुकैया हुसेन यांच्या गोष्टीची ठेवतो. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात ती इंग्रजीत आली. बंगालमधली ही बाई, तेव्हा पंचविशीच्या आसपासची. तिच्या गोष्टीतल्या देशात सगळा कारभार बायका पाहतात आणि पुरुष पडद्यात राहतात. बायकांच्या विद्यापीठानं उन्हाची उष्णता साठवायचं यंत्र काढलंय, स्वयंपाक उन्हावर होतो, चुलीचा धूर नाही. दुसऱ्या विद्यापीठानं ढगांच्या वर फुगा सोडून नळ्यांनी पाणी खाली आणलंय. शेताची मशागत विजेवर. आणि कामाचे तास रोजचे दोन.

वाचताना पोरं हसतात, पोरी हसत नाहीत. मग वावरात जाऊन सोलर पंप पाहायचा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. हे पैशाच्या रकान्यात गेलं. दिवसा पाणी देता येतं, रात्रीची लाईन सुटली. हे मोठं सुख आहे, मी मोटारवाला असून सांगतो, माझा धंदा कमी झाला तरी सांगतो. दुरुस्तीच्या रकान्यात मात्र लिहावं लागतं की कंट्रोलरला माझ्यासारख्यानं हात लावला तर वॉरंटी जाते, आणि ज्याचा हात चालतो तो जिल्ह्याच्या गावाहून येतो. येईपर्यंत हरभरा वाट पाहतो.

इथंच त्या पोरीनं भांडण काढलं. म्हणाली, "काका, गोष्टीत ऊन आंदी सयपाकघरात आलं. आपल्याकडं थेट मोटरीवर गेलं. माही माय अजून पऱ्हाट्याच जाळते." खरंच होतं. तिच्या घरी सिलिंडर आहे, पण भरून आणायचा तो पाहुणे आले की. एरवी चूल, तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची-कापसाची वाळकी झाडं, डोळ्यांत धूर. आणि पंपाच्या प्लेटांवरची धूळ कोण धुतं? माय. सातबारा कोणाच्या नावावर? बापाच्या. "मंग याच्यात लिहा ना, कोनाचं काम वाढलं थे." तसा पाचवा रकाना आला. तुमच्या गावात पोरी येत नसतील तर वही चालू करायच्या आधी त्यांना आणा. नाही तर हा रकाना कोरा राहील.

वेठ

कॅरेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून रोबोट हा शब्द जगभर गेला. शब्द त्याच्या भावानं सुचवलेला, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. गावाकडं हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाटकातले रोबोट लोखंडी नाहीत, माणसासारखे मांसाचेच आहेत, कारखान्यात बनवलेले, आणि शेवटी मालकांवर उलटतात.

मग पोरांना एकच प्रश्न द्या, कापूस वेचायला रोबोट काहून नाही आला? अमेरिकेत यंत्रानं वेचतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं. आपल्याकडची पऱ्हाटी पसरते, बोंडं एकदम फुटत नाहीत, आज थोडी, महिन्यानं थोडी, तीन-चार वेचे निघतात. यंत्राला सगळी बोंडं एकाच वेळी फुटलेली लागतात आणि पानं औषध मारून गाळावी लागतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दाट लागवडीच्या बुटक्या वाणांवर काम करते आहे, त्यात यंत्राचाही विचार आहे. पण आज आमच्या वावरात वेचणी बायकांच्या बोटांनी होते आणि मजुरी किलोवर मिळते. नोंदीत लिहा: शब्द आला, वेठ राहिली.

बटण आणि टेलिफोनची पेटी

ही नोंद सगळ्यात मोठी आहे, दोन रविवार लागतात, आणि मला सगळ्यात आवडती.

१९०९च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये ई. एम. फॉर्स्टरची एक लांब गोष्ट छापून आली, मशीन थांबतं त्याबद्दलची. माणसं जमिनीखाली, मधमाशीच्या घरासारख्या एकेका खोलीत एकटी राहतात. जेवण, कपडे, संगीत, सगळ्याला एकेक बटण. एकमेकांशी बोलायचं ते हातातल्या गोल चकतीवर चेहरा पाहून. आई जगाच्या एका टोकाला, पोरगा दुसऱ्या. पोरगा म्हणतो, मला तुला मशीनमधून नाही, समोर भेटायचंय. आईला प्रवासाचाच वैताग.

त्याच नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या बोटीत गांधीजी 'हिंद स्वराज्य' लिहीत होते. त्यात सुधारणेवरच्या प्रकरणात ते म्हणतात की पुढं माणसाला हातपाय लागणार नाहीत. एक बटण दाबलं की कपडे पुढ्यात, दुसरं दाबलं की वर्तमानपत्र, तिसरं दाबलं की मोटारगाडी दारात. दोघांनी एकमेकांचं वाचलेलं असणं शक्यच नाही. एकाच महिन्यात, दोन वेगळ्या माणसांना, तेच बटण दिसलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोटार अर्धी भरून सोडली आणि बायकोला सांगायला घरी गेलो. ती म्हणाली, जेवून जा मग.

डावं पान झालं. उजव्या पानाला २०२० पुरतं. शाळा बंद, शिकवणं मोबाईलवर, आणि आमच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ. पोरं टाकीच्या पायऱ्यांवर ओळीनं बसायची, खालच्या पायरीला नेटवर्क कमी म्हणून तिथं लहान वर्गाची. एका घरात फोन एक आणि पोरं तीन. फॉर्स्टरच्या गोष्टीत सगळ्यांना खोली आहे, बटण आहे, चकती आहे. रिचार्ज कोणी मारत नाही. चेहरा दिसणारी चकती आली, ती फुकट आणि सगळ्यांना मिळेल हे आलं नाही. उलट गोष्टीतली माणसं एकटी पडली होती, आमची पोरं त्या टाकीवर रोज भेटत होती. असं उलटं निघालेलं हिरव्या शाईनं लिहा.

पण मिस्त्री म्हणून माझा जीव अडकतो तो पुढच्या भागात. फॉर्स्टरच्या मशीनमध्ये दुरुस्ती करणारं वेगळं यंत्र आहे. तक्रार आली की ते नीट करतं. हळूहळू संगीतात खरखर येते, हवेला वास येतो, लोक तक्रारी करतात, आणि मग कळतं की दुरुस्तीचं यंत्रच बिघडलंय. ते नीट करणारा कोणी उरलेला नाही. माझ्या वाचनातल्या बहुतेक विज्ञानकथांत यंत्र एक तर अखंड चालतं, नाही तर बिघडून जग बुडवतं. मधलं काही नाही. कॅपॅसिटर बदलून चालू होणारं यंत्र कोणाच्या डोक्यात येत नाही. फॉर्स्टरनं निदान विचारलं तरी, की पाना कोणाच्या हातात आहे.

म्हणून दुसऱ्या रविवारी पोरांना घेऊन सेवाग्रामला जायचं. कळंबहून वर्ध्याला २०२४पासून रेल्वे झाली आहे, पोरांना तेवढीच मजा. आश्रमात बापूंच्या कचेरीत टेलिफोनची पेटी ठेवलेली आहे, व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून लावलेल्या फोनची. बटणावर टीका करणाऱ्याच्या घरात फोन? पोरं लगेच पकडतात. पकडू द्या. मग चरख्याच्या बक्षिसाची गोष्ट सांगा.

१९२९मध्ये गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी वहीत शब्दशः नाही, पण आकड्यांसकट उतरवा. खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर निदान २० वर्षं बंद न पडता चालला पाहिजे. आणि दुरुस्तीचा, झिजलेले भाग बदलायचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, एवढ्या अटी कोणाच्याच यंत्राला पेलल्या नाहीत. पण माझ्या वहीतला तिसरा आणि चौथा रकाना, कशावर चालतं, पैसे किती, नीट कोण करणार, हे सगळं त्या जाहिरातीत आधीच लिहून ठेवलेलं. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्या दुकानात कधीतरी बसून गेला असावा.

जिथं हमखास चूक होते

प्रात्यक्षिकाला आगमन समजू नका. गावात ड्रोन आला, मंडप टाकला, साहेबांची भाषणं झाली, दहा मिनिटांत एक एकर फवारून दाखवला, फोटो निघाले, ड्रोन गाडीत बसून गेला. पोरं लिहायला धावली. मी थांबवलं. आमचा नियम असा की कोणी साहेब उभा नसताना गावातली तीन घरं एखादी वस्तू वापरायला लागली, तर ती आली. ड्रोनच्या नोंदीत अजून 'पाहिला' एवढंच आहे. हा एक प्रकार मात्र लवकर यावा असं मला फार वाटतं. २०१७मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी. उडत्या यंत्रांच्या इतक्या गोष्टी वाचल्या, पण फवारणाऱ्या माणसाच्या छातीत विष जाऊ नये म्हणून उडणारं यंत्र मला एकाही गोष्टीत भेटलं नाही.

बियाण्याच्या पाकिटावरचं भविष्य वेगळ्या पानावर घ्या. बीटी कापसाला देशात २००२मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच, फवारा कमी. काही वर्षं खरंच कमी झाला. पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची छोटी पुडी यायची, कडेनं लावायला, म्हणजे अळीला पचवायची सवय लागायला नको. ती पुडी कोण लावतं? धुऱ्यावर फेकली. गुलाबी बोंडअळी शिकली, आणि २०१७मध्ये बोंडं फोडली तर आत तीच. एच. जी. वेल्सनं १८९८च्या कादंबरीत मंगळावरून आलेल्यांना तोफांनी नाही, जंतूंनी मारलं. पोरांना ते वाचून दाखवा आणि सोबत किडकं बोंड ठेवा, बाकी बोलायची गरज पडत नाही.

लेखकाला अंतर्ज्ञानी ठरवू नका. याच वेल्सनं १९१४मध्ये 'अणुबाँब' लिहिला हे खरं. पण लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानं ते पुस्तक १९३२मध्ये वाचलं आणि पुढच्याच वर्षी साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्या डोक्यात आली. मग भाकीत खरं झालं म्हणायचं, की वाचणाऱ्यानं मनावर घेतलं म्हणायचं? आमच्या वहीत अशांसमोर 'वाचून केलं' असा शेरा आहे. सिनेमातली भाकितं फार घेऊ नका, पोरांना तेवढीच आवडतात आणि बाकी राहून जातं. एक घ्यायचंच तर १९८९चा तो अमेरिकन सिनेमा घ्या, ज्यात २०१५ सालच्या घरात खोलीखोलीत फॅक्स आहे आणि रस्त्यावर उडत्या गाड्या. खिशातला मोबाईल नाही. फॅक्स म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास जातो, तीच खरी नोंद.

शेवटची पानं

वहीची मागची दहा पानं कोरी ठेवा. वर्षातून एकदा, आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला करतो, प्रत्येकानं एक भाकीत लिहायचं. आकडा हवा, साल हवं, खाली सही हवी, आणि उजवे चारही रकाने आत्ताच अंदाजानं भरायचे. नुसतं 'रोबोट येतील' चालत नाही. गेल्या वर्षी एकानं लिहिलं की २०४०पर्यंत कापूस वेचायचं यंत्र तासावर भाड्यानं मिळेल, ट्रॅक्टरसारखं, आणि दुरुस्ती वर्ध्याला होईल. 'कोणाचं काम गेलं' मध्ये त्यानं स्वतःच्या आजीचं नाव लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं की २०३५मध्ये मोटार जळायच्या आधी फोन करून सांगेल. मी म्हटलं, अर्धं तर आत्ताच होतं, उपकरण मिळतं, फक्त लोक बसवत नाहीत. तो म्हणाला, "मंग थेच लिहितो. २०३५मध्ये बसवतीन." हे मला पटलं. यंत्राचं भाकीत कोणीही करेल, 'लोक बसवतील' हे लिहायला छाती लागते.

वही कुठं ठेवायची तेही सांगून ठेवतो. उंदरांपासून लांब, पत्र्याच्या पेटीत, आणि वॉर्निशच्या डब्याशेजारी तर मुळीच नको. आमच्या वहीची चौदा ते सतरा पानं एकमेकांना चिकटून लाकडासारखी झाली आहेत. उडत्या मोटारींच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. पोरांना म्हटलं, पुन्हा लिहून काढा. दोन वर्षं झाली, अजून कोणी काढल्या नाहीत.